दोन हजार किलोमीटरची हद्द

राजमतीबाई चौगुलेंचा चढलेला आवाज शुक्रवार पेठेत कुणी ऐकला नव्हता. भाजीवाल्याशी घासाघीस करायची तरी त्या इतक्या हळू करायच्या की तो बिचारा गाड्यावर ओणवा होऊन ऐकायचा, आणि ऐकता ऐकता भाव उतरवून मोकळा व्हायचा. त्यांची सून त्रिशला म्हणायची, "आत्तींचं बोलणं म्हणजे रेशमाची दोरी. हातात मऊ लागते, गळ्याभोवती आली की मग कळतं." हे ती मागं म्हणायची अशातला भाग नाही. तोंडावर म्हणायची, आणि राजमतीबाई हसून म्हणायच्या, "बोल बाळ, तुझं मन मोकळं होऊ दे."

एप्रिलात मुलगा श्रेणिक आणि त्रिशला मेलबर्नहून कोल्हापूरला आली ती तीन आठवड्यांची रजा काढून. त्रिशलाला पाचवा महिना चालू होता. पहिलंच बाळंतपण, ऑगस्टच्या अखेरीची तारीख. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. माहेर शिरोळचं, कृष्णेच्या अगदी काठाला, ऑगस्टात दारातनं नाव जाईल की ट्रॅक्टर याचा भरवसा नाही. त्यामुळं दोघांनी तिकडनं निघतानाच ठरवून टाकलेलं की बाळंतपण मेलबर्नला करायचं आणि श्रेणिकच्या आईला घेऊन जायचं. आईला विचारायचं मात्र राहून गेलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजमतीबाई हंड्यावर दुहेरी फडकं धरून पाणी गाळत होत्या तेव्हा श्रेणिकनं विषय काढला.

"आई, जुलैच्या शेवटाला निघायचं हं. व्हिसाचं मी बघतो. तू फक्त पासपोर्ट काढून ठेव."

"कुठं रे?"

"कुठं म्हणजे? आमच्याकडं. बाळंतपणाला."

राजमतीबाईंनी फडकं पिळलं नाही. पिळलं तर त्यात अडकलेले जीव मरतात. ते त्यांनी अलगद उलटं करून वाटीतल्या पाण्यात धुतलं, वाटी बाजूला ठेवली, हात पुसले आणि मग म्हणाल्या, "मला जमायचं नाही रे बाळा. माझी हद्द आहे."

"कसली हद्द?"

"दिग्व्रत घेतलंय मी. गेल्या चातुर्मासात."

त्रिशला टेबलाशी बसून चहात बिस्कीट बुडवत होती. बिस्कीट तुटून कपात पडलं. ती चमच्यानं ते काढत राहिली, वर बघितलंच नाही.

दिग्व्रत म्हणजे दिशांचं व्रत. श्रावकानं, म्हणजे संसारी जैनानं, एकदा ठरवायचं की या आयुष्यात आपण पूर्वेला इतकंच जाऊ, पश्चिमेला इतकंच, वर इतकं, खाली इतकं. त्यापलीकडं पाऊल टाकायचं नाही. पलीकडच्या जगात मग आपल्या हातनं मुंगीही मरत नाही. तिथल्यापुरते आपण जवळजवळ साधूच. गेल्या वर्षी गल्लीतल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक आर्यिका, म्हणजे साध्वी, माताजी चातुर्मासाला राहिलेल्या. त्यांनी दिग्व्रतावर प्रवचन दिलं आणि शेवटी विचारलं, कोण घेतंय? बायका एकेक करून उठल्या. कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाची लेक लंडनला; हद्दी भराभरा वाढत गेल्या. कुणी बारा हजार किलोमीटर म्हणालं, कुणी पंधरा. एका आजीबाईंनी तर वीस हजार मागितले, तेव्हा माताजी हसून म्हणाल्या, "अहो, यात पृथ्वी सगळीच आली. मग सोडलं काय तुम्ही?" सभा खो खो हसली. त्या हसण्यातच राजमतीबाई उठल्या, हात जोडले आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "मला चारी दिशांना दोन हजार."

सभा गप्प झाली. एकुलता एक मुलगा ऑस्ट्रेलियात असलेली विधवा बाई दोन हजार म्हणते. माताजींनी त्यांना पुढं बोलावून घेतलं. बायकांनी अनुमोदनेचा गजर केला, अध्यक्षांनी हार घातला. त्या हाराचा फोटो पुढं आठवडाभर पेठेतल्या बायकांच्या फोनवर फिरत होता.

"आम्हाला कळवलं नाहीस," श्रेणिक म्हणाला.

"व्रत घेतलं म्हणून कुणी दवंडी पिटतं का रे?"

"हार घातलेला फोटो मला शिरोळच्या वहिनींनी पाठवलेला," त्रिशला कपातच बघत म्हणाली. "मला वाटलं, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाचा असेल."

श्रेणिकनं फोन काढला. तो इंजिनिअर. कुठलीही अडचण आली की आधी ती मोजायची, ही त्याची लहानपणापासूनची खोड. "कोल्हापूर ते मेलबर्न," तो पुटपुटला. "हवाई अंतर साडेनऊ हजार."

"बघ," राजमतीबाई म्हणाल्या.

"पण आई, हे बघ. दोन हजार पूर्वेला, दोन पश्चिमेला, दोन दक्षिणेला, दोन उत्तरेला. झाले आठ. तू आता पश्चिमेला जाणारच नाहीस, उत्तरेलाही नाहीस. तिकडचे काढ आणि इकडं जोड."

"त्याला क्षेत्रवृद्धी म्हणतात," त्रिशला म्हणाली. "एका दिशेचं काढून दुसरीकडं जोडणं. दोष आहे तो. आणि जोडलेस तरी आठच होतात. दीड हजार कुठनं आणणार? समुद्रात उतरवणार का त्यांना?"

श्रेणिक बायकोकडं बघतच राहिला. "तू माझ्या बाजूची आहेस की आईच्या?"

"मी पाठशाळेच्या बाजूची आहे. शिरोळच्या बस्तीतल्या वर्गाला सात वर्षं गेले मी. तू फुटबॉल खेळत होतास."

राजमतीबाईंना सुनेचं ज्ञान ऐकून बरं वाटलं नाही. त्यांना वाटलं होतं, ही आता कपाळाला हात लावेल, जुनाट म्हणेल, रडेल. मग आपण शांत राहू. पण ती चमच्यानं बिस्किटाचा चिखल खात बसली होती आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चाललं होतं.

श्रेणिकनं दिवसभर पिच्छा सोडला नाही. मेलबर्नला जाताना विमानात बसल्यावर जमिनीला पाय लागतोच कुठं, म्हणाला. राजमतीबाई म्हणाल्या, हद्द पायाची नसते, देहाची असते. सिंगापूरला थांबून तिथनं नव्यानं मोजू, म्हणाला. राजमतीबाई म्हणाल्या, मोजायचं ते या घराच्या उंबऱ्यापासून. माताजींना विचारून सूट घेऊ, म्हणाला. राजमतीबाई म्हणाल्या, माताजी विहार करत कर्नाटकात गेल्या, पायी चालणाऱ्यांना फोन नसतो, आणि व्रत काय वाहतुकीचा दंड आहे का, सूट मागायला? हे सगळं त्या इतक्या मवाळपणे बोलत होत्या की शेवटी श्रेणिकच ओरडला, आणि ओरडल्यावर वाईट दिसतं म्हणून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

भांडी घासायला आलेल्या धोंडुबाई मोरीतनं सगळं ऐकत होत्या. जाताना त्रिशलाच्या जवळ थांबून म्हणाल्या, "सूनबाई, मनाला लावून घिऊ नगा. आमच्या सासूनं तर शिवारातनं सुदीक कधी हाक ऐकली न्हाय. तिचं काय व्रत न्हवतं. निस्तं मन न्हवतं."

त्रिशला हसली. धोंडुबाई गेल्यावरही ती थोडा वेळ तशीच हसत बसली होती, आणि ते हसू राजमतीबाईंना आवडलं नाही.

या दोघींचं बिनसलं ते तीन वर्षांपूर्वी, मेलबर्नलाच. तेव्हा व्रत नव्हतं. राजमतीबाई हौसेनं गेल्या होत्या, तिळाच्या चटणीचा डबा आणि गाळायची चार कोरी फडकी घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी सुनेच्या स्वयंपाकघरातली पातेली उघडून बघितली, वास घेतला आणि म्हणाल्या, "छान आहेत ग. पण माझ्यासाठी दोन नवी आणू या." नवी आणली. मग नवा तवा. मग शेगडीचा एक बर्नर त्यांचा झाला, फ्रिजचा एक कप्पा त्यांचा झाला, आणि त्या कप्प्यापासून बाकीचे कप्पे दूर राहावेत म्हणून मधे प्लास्टिक आलं. त्रिशला कांदा-लसूण खात होती हे खरं. पण ती चोरून खात नव्हती. आता स्वतःच्याच घरात ती चोरून खाऊ लागली.

तिकडं जून म्हणजे थंडी. पाचला सूर्य मावळायचा आणि ही दोघं ऑफिसातनं यायची सहानंतर. राजमतीबाई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. तीन महिने त्या रोज उजेड असतानाच एकट्या जेवल्या, भिंतीकडं तोंड करून. त्या सांगायच्या, मला एकटीला सवय आहे. पण सवय वेगळी आणि घरात मुलगा असताना रिकाम्या खुर्च्यांसमोर जेवणं वेगळं. आणि एका संध्याकाळी त्रिशला मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "सासूबाई आहेत ना, पण असून नसल्यासारख्या. आम्ही यायच्या आत जेवतात, आम्ही जेवेपर्यंत झोपतात. हॉटेलात उतरल्यागत." शेजारच्या खोलीत राजमतीबाई झोपलेल्या नव्हत्या. जप चालला होता. हातातली माळ त्या मण्यावर थांबली ती पुढं सरकेना.

कोल्हापूरला परत आल्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मेलबर्न कसं आहे असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "स्वच्छ आहे."

आता श्रेणिक येऊन चार दिवस झाले होते. पाचव्या दिवशी पहाटे त्रिशलाला मळमळलं म्हणून ती उठली. पुढच्या खोलीत राजमतीबाई सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसलेल्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. रोज सकाळी त्या आपली हद्द पुटपुटत म्हणतात, कारण घेतलेली हद्द विसरणं हाही दोषच.

"पूर्वेला दोन हजार. पश्चिमेला दोन हजार. दक्षिणेला दोन हजार. उत्तरेला दोन हजार. खाली शंभर फूट. वर बारा किलोमीटर."

त्रिशला दारात उभी होती. ती तिथनं हलली नाही. राजमतीबाईंनी डोळे उघडले तेव्हा सून चौकटीला टेकून, पोटावर हात ठेवून त्यांच्याकडं बघत होती.

"बरं वाटत नाही का ग?"

"आत्ता बरं वाटायला लागलं," त्रिशला म्हणाली.

नाश्त्याला पोहे होते, बिनकांद्याचे. श्रेणिक तोंड वाकडं करून खात होता. त्रिशलानं आपल्या पोह्यांवर भरपूर ओलं खोबरं घातलं, दोन घास खाल्ले आणि विचारलं, "आत्ती, दोन हजार कशासाठी घेतले हो तुम्ही? म्हणजे पंधराशे का नाही? हजार का नाही?"

"शिखरजी हद्दीत यावं म्हणून. मरायच्या आधी एकदा सम्मेदशिखराचं दर्शन घडावं, एवढी इच्छा आहे."

"आणि खाली शंभर फूट?"

"विहिरी असतात, तळघरं असतात."

"आणि वर बारा किलोमीटर?"

राजमतीबाईंनी ताटलीतला खोबऱ्याचा कीस बोटानं गोळा केला.

"शिखरजीचा डोंगर काही बारा किलोमीटर उंच नाही," त्रिशला म्हणाली. "आणि शिखरजीला तुम्ही रेल्वेनं जाणार. तुम्हीच म्हणता, यात्रा विमानानं करायची नसते. मग बारा किलोमीटर वर काय करायचं असतं, आत्ती?"

"घ्यायचं म्हणून घेतलं."

"विमान अकरावर उडतं. श्रेणिक, खरं का?"

"साधारण," श्रेणिक म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

"फोन दे जरा तुझा. कोल्हापूर ते मस्कत बघ की किती आहे."

मस्कतला राजमतीबाईंची लेक पूर्णिमा असते. जावई तिथं तेलाच्या कंपनीत. दोन नातवंडं, दोघंही आजीच्या जिवाचे तुकडे.

श्रेणिकनं बघितलं. बघून फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मोठ्यानं सांग की."

"अठराशे," तो म्हणाला.

बाहेर गल्लीत कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. राजमतीबाई उठल्या, ताटली मोरीत ठेवली, हात धुतले. पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या, "असतील अठराशे. देवानं ठेवलेत तिथं ते."

"देवानं मस्कत ठेवलं. दोन हजार तुम्ही ठेवले."

"त्रिशला," श्रेणिक म्हणाला.

"तू थांब. आत्ती, मी सरळ विचारते. पूर्णिमावन्संचं गाव मोजून तुम्ही हद्द घेतली का? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

राजमतीबाई वळल्या. चेहरा नेहमीसारखाच सोज्वळ. "तुला काय वाटतं बाळ?"

"मला काय वाटतं ते मी विचारलं नाही."

"पोटुशी बाईनं इतकं तापू नये. बाळाला लागतं."

"बघितलंस?" त्रिशला नवऱ्याकडं वळली. "तुझी आई खोटं बोलत नाही. सत्याचं व्रत आहे त्यांचं. खोटं बोलायची वेळ आली की त्या माझी काळजी करतात."

श्रेणिकचा चेहरा लाल झाला. तो आईकडं गेला, आणि लहान असताना नापास झाल्यावर जसा उभा राहायचा तसा तिच्यासमोर उभा राहिला. "आई, नाही म्हण ना. एकदा नाही म्हण. मग मी हिला गप्प करतो."

राजमतीबाईंनी मुलाच्या शर्टाची मुडपलेली कॉलर सरळ केली. श्रेणिकनं ती त्यांच्या हातातनं सोडवून घेतली.

"दोन नातवंडांसाठी बारा किलोमीटर वर चढशील," तो म्हणाला, "आणि तिसऱ्यासाठी तुला देव आठवतो."

हे त्यांना लागलं. सुनेचं बोलणं त्या झाडून टाकत होत्या, पण हा आवाज आपल्या पोटचा होता. तरीही त्या एवढंच म्हणाल्या, "व्रत मोडून आलेल्या आजीच्या मांडीवर बाळाला घालशील का तू? मला विचारशील तर मी नाही घालणार."

"व्रत मोडायला कोण सांगतंय," त्रिशला म्हणाली. तिनं पोह्यांची ताटली पुढं ओढली आणि परत खायला लागली, सावकाश, एकेक घास चावून. "मोडूच नका. चांगलं व्रत आहे. तुम्हाला माझ्याकडं यायला बंदी आहे. मला इथं यायला कुणाची आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी जात नाही. इथंच राहते. बाळंतपण कोल्हापुरात."

श्रेणिक खाली बसला. "तुझं ऑफिस?"

"दोन महिने इथनं काम करीन. मग रजा आहेच. तू जा, ऑगस्टात ये. तुला कुठं हद्द आहे?"

राजमतीबाईंच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. हद्द घेताना त्यांनी स्वतःची पावलं मोजली होती. दुसऱ्याची मोजायची राहिली होती. कुंपण घातलं ते आपण बाहेर जाऊ नये म्हणून, आणि फाटक तसंच उघडं. त्यांनी पटकन पदर खांद्यावर घेतला, जणू कुणी परकं घरात आलं.

"इथं तुझ्यानं निभेल का ग?" त्या म्हणाल्या, आणखी हळू. "एप्रिल-मेचा उकाडा. तिकडं कसे मोठे दवाखाने, सगळं हातात. आपल्याकडं कांदा नाही, बटाटा नाही. चातुर्मासात तर पालेभाजीही बंद. डोहाळे लागले तर तुझे हाल होतील."

"शिरोळला मी पालेभाजीशिवाय वाढले. तुमचाच मुलगा मला पिझ्झ्याला घेऊन जायचा."

"जूनमध्ये मी पूर्णिमाकडं जाणार होते महिनाभर. मुलांना सुट्टी असते."

"जा की. हद्दीतच आहे."

श्रेणिक एकदम हसला, आणि हसल्याबद्दल दोघींनी त्याच्याकडं एकाच वेळी असं बघितलं की तो फोन घेऊन पुन्हा गॅलरीत गेला.

राजमतीबाई जाणार नव्हत्या, हे तिघांनाही कळलं होतं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सुनेला घरात एकटं टाकून लेकीकडं गेली, असं पेठेत झालं असतं तर हाराचा फोटो जितक्या फोनवर गेला त्याच्या दुप्पट फोनवर हे गेलं असतं. त्या दुपारी त्यांनी पूर्णिमाला फोन केला. दार लावून बोलल्या, पण पूर्णिमाचा आवाज मोठा, तो दाराबाहेर येत होता. "अगं तिला शिरोळला पाठव की, भावाकडं. तुझ्याच गळ्यात का?" मग राजमतीबाईंचं काहीतरी. मग पूर्णिमा, "मुलांना काय सांगू? पोरगी रोज विचारतेय, आजी कधी येणार." त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते आणि त्रिशला सोफ्यावर पाय वर घेऊन पेरू खात होती.

"मीठ हवं का?" राजमतीबाईंनी विचारलं.

"लावलंय."

पुढचे दहा-बारा दिवस घरात सगळं रीतसर चाललं. इतकं रीतसर की श्रेणिकला धाप लागायची. त्रिशला दवाखान्यात नाव घालून आली. राजमतीबाईंनी डिंकाचे लाडू करायला घेतले आणि विचारलं, तूप कमी चालेल का, तुझं वजन वाढलंय. त्रिशला म्हणाली, चालेल, तुमचा हातही तुपात आखडताच असतो. राजमतीबाईंनी तिच्यासाठी तिळाच्या तेलाची बाटली आणून ठेवली; त्रिशलानं तिच्यावर मार्करनं आपलं नाव लिहून ती फडताळातल्या एका कप्प्यात ठेवली आणि मधे प्लास्टिकचा कागद लावला. राजमतीबाईंनी तो कागद बघितला. काढला नाही. मेलबर्नमधल्या फ्रिजच्या कागदाची घडी त्यांना आठवली नसेल असं नाही.

श्रेणिकच्या निघण्याच्या दिवशी सकाळीच आभाळ भरून आलेलं. उजळाईवाडीला विमान वेळेवर आहे की नाही ते तो पुन्हा पुन्हा बघत होता. त्याची बॅग दारात. त्रिशलाचं सगळं सामान मात्र अजून मधल्या खोलीत जमिनीवर होतं, दोन मोठ्या सुटकेसा. ती आत कुठल्या खोलीत कायमची जाणार हे कुणी बोललं नव्हतं.

राजमतीबाई पुढच्या खोलीत नुकत्याच सामायिकावरून उठल्या होत्या. आसन अजून खाली पसरलेलं. त्रिशला आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. उठताना-बसताना ती आता हातांचा आधार घेऊ लागली होती.

"आत्ती, एकच विचारायचं आहे. उत्तर दिलंत तर पुन्हा कधी विचारणार नाही. नाही दिलंत तर रोज विचारीन, बाळंत होईपर्यंत, रोज सकाळी."

राजमतीबाई माळ पेटीत ठेवत होत्या.

"मस्कत मोजूनच आकडा घेतला ना?"

श्रेणिक दारात येऊन थांबला. त्याला वाटलं, आई आता म्हणेल, नाश्ता केलास का.

राजमतीबाईंनी पेटीचं झाकण लावलं. त्या सुनेकडं वळल्या आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून बोलल्या. त्यात पश्चात्ताप नव्हता. दार उघडून कुणाला तरी बाहेर काढावं तसं त्यांनी ते वाक्य बाहेर काढलं.

"हो. पूर्णिमाला आदल्या दिवशी विचारलं होतं."

"आणि मेलबर्न? ते मोजलं नव्हतं?"

"ते आधी मोजलं होतं."

"किती निघालं?" त्रिशलानं विचारलं.

"साडेनऊ हजार. बायका बारा-पंधरा म्हणत होत्या तेव्हा मला भीती वाटत होती, कुणी मला तेवढे घ्यायला लावील म्हणून. घेतले असते तर तू बोलवलंस की मला यावं लागलं असतं. तुझ्या घरात परत मला जेवायचं नव्हतं." त्या थांबल्या. "म्हणून सभा हसत होती तेवढ्यात उठले. माताजींना वाटलं, वैराग्य आलं."

त्रिशलाच्या तोंडावर राग होता, पण नुसता राग नव्हता. एखादा आकडा अखेर जुळला की हिशेब करणाऱ्याचं तोंड होतं तसं काहीसं होतं. तिनं मान हलवली.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मीही तुम्हाला मनापासून बोलवत नव्हते. आई नाही म्हणून बोलवत होते."

"ते मला माहीत होतं."

"माहीत होतं तर एवढा देवाला कामाला का लावला? नको म्हणायचं होतं सरळ."

राजमतीबाईंनी माळेची पेटी पदरानं पुसली. खाली टॅक्सीनं हॉर्न दिला. श्रेणिकनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. कुणाच्या पाया पडायचं आणि कुणाला मिठी मारायची, हे त्याला त्या क्षणी ठरवता येईना.

त्रिशला खुर्चीतनं उठली आणि खिडकीचा पडदा पुरता बाजूला सारला. "ही खोली मी घेते. मागच्या खोलीला वारा नाही."

"इथं माझं सामायिक असतं," राजमतीबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं मी याच खिडकीत बसते."

"मग मागं बसा. मागची खोली काही हद्दीबाहेर नाही."

राजमतीबाईंनी खाली पसरलेल्या आसनाकडं बघितलं. ते उचलायला त्या वाकल्या नाहीत. त्रिशलानं सुटकेसकडं बघितलं. तिला ती उचलायची नव्हती, डॉक्टरांनी सांगितलेलं. टॅक्सीनं पुन्हा हॉर्न दिला. शेवटी श्रेणिकच आत आला, आईचं आसन एका हातात आणि बायकोची सुटकेस दुसऱ्या हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि विचारलं, "आता कुठलं कुठं ठेवू ते तरी सांगा. माझं विमान जाईल."